काजूच्या शेडमधली बिअर आणि मोरीचा उतार

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारलाय. दोघं पुण्याचे, एक आमच्या कुडाळचा. कोकणात छोटी ब्रुअरी टाकायचीय, जागा दोन-तीन वर्षांपुरतीच मिळतेय, तर तात्पुरत्या जागेवर खर्च किती करायचा? तिघांच्याही यादीत टाक्या सगळ्यात वर आणि फरशी सगळ्यात खाली. माझं मत नेमकं उलटं आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहितो.

टाक्या, पंप, चिलर (पाणी गार करायचं यंत्र), पाइप हे सगळं उद्या टेम्पोत घालून नेता येतं. विकलं तरी चार पैसे सुटतात. फरशी, तिचा उतार आणि गटार मात्र मालकाकडेच राहणार, म्हणून तिथे सगळे हात आखडता घेतात. पण बिअर बनवणं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ धुणं आहे, हे टाक्यांच्या चकचकीत फोटोंत दिसत नाही. एक लिटर बिअरमागे छोट्या ठिकाणी सहा-सात लिटर पाणी सहज जातं. ते सगळं शेवटी फरशीवरूनच जायचं असतं. उतार नसेल तर ते कोपऱ्यात साचतं, त्यात माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी मिसळतं, आणि आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी तिथे आंबूस वास आणि चिलटं हजर.

माझी शेड वेंगुर्ल्याजवळ, बंद पडलेल्या काजू कारखान्याची. तीन वर्षांचा करार, नंतर मालकाच्या मुलाला तिथे हॉटेल काढायचंय. जांभ्याच्या भिंती, वर पत्रे, खाली कोबा. त्या कोब्यात वर्षानुवर्षं काजूच्या टरफलाचं तेल मुरलेलं. हे तेल हाताला लागलं तर कातडी सोलवटते, काजूवर काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. मी पैसे वाचवायला त्या कोब्यावर थेट इपॉक्सी, म्हणजे रेझिनचा लेप, मारून घेतलं. तीन आठवड्यांत पापडासारखे पापुद्रे सुटले. तेलावर रंग बसत नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं असंही नाही, डोकं चालवायला हवं होतं.

मग कोबा उकरला. गवंडी म्हणाला, कोटा घाला, सगळे तेच घालतात. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, आणि टाक्या आम्लाने धुवायच्या. सहा महिन्यांत खड्डे पडले असते. शेवटी आम्लरोधक टाइल, सांध्यांत इपॉक्सी, आणि मीटरला 2 सेंटीमीटर उतार. उताराचा आकडा ऐकून गवंड्याने थापी खाली ठेवली. "न्हाणयेत सुद्धा कोण एवढो उतार देना नाय." दिला मात्र चोख. टाक्यांच्या पायांखाली वेगळं काँक्रीट ओतलं, कारण 500 लिटरची भरलेली टाकी चार पायांवर सहाशे किलोच्या वर जाते.

गटार शेवटी कुठे जातं, तेही आधीच बघा. आपल्याकडे सवयीने शोषखड्डा खणतात. जांभा सच्छिद्र, आणि शेजारच्या काकींची विहीर माझ्या भिंतीपासून 40 फुटांवर. टाक्या धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी तिथे सोडलं असतं तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी धुण्याचं पाणी आधी एका टाकीत साठवतो, आम्ल आणि कॉस्टिक मिसळून दोन्हींचा जोर मारून घेतो, मगच पुढे सोडतो. याच काकींनी पहिल्या दिवशी विचारलेलं, "काय रे, सोरो गाळूक लागलंस?" आता माल्टचा चोथा त्यांच्या म्हशी खातात. फक्त त्याच दिवशी न्यावा लागतो, संध्याकाळपर्यंत आंबतो.

आता माझी फजिती. माल्टचा उकळलेला रस, म्हणजे वर्ट, पटकन 20 अंशांच्या आसपास आणावा लागतो, तरच एल प्रकारच्या बिअरचं नेहमीचं यीस्ट नीट वागतं. उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या विहिरीचं पाणी 28 अंश, त्याने 30-31च्या खाली काही जात नाही. चिलर महाग वाटला. मासळीसाठी बर्फ बनतोच की आपल्याकडे, रोज चार लाद्या आणू, असा माझा हिशोब. स्वतःवर फार खूश होतो. पहिली मोठी बॅच लागली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते हे किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने विसरावं? होड्या वर ओढलेल्या, बर्फाचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद. वर्ट 31 अंशांवर अडकला, मी तसंच यीस्ट टाकलं. यीस्ट आंबवताना स्वतःही उष्णता सोडतं, टाकी आणखी तापली. दहा दिवसांनी झाकण उघडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. 300 लिटर! कागदपत्रांचे सोपस्कार करून ओतून दिली. दहा मिनिटांत सगळी गेली, एक थेंब साचला नाही. गटार चांगलं होतं.

चिलर त्याच आठवड्यात मागवला. तोवर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट वापरलं. ते 35 अंशांतही न कुरकुरता काम करतं. किनाऱ्यावर सुरुवात करणाऱ्याने त्यापासूनच करावी, लागर (गारव्यात आंबवायची बिअर) वगैरे शौक नंतर.

बाकीचं पटापट. माल्ट पावसात सादळतं, पोती हवाबंद डब्यांत ठेवा. खाऱ्या हवेत 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात, दर आठवड्याला गोड्या पाण्याने पुसा. 300 लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे 26 युनिट वीज लागते, वाया जाते ती वेगळी. त्यामुळे थ्री फेज आहे का हे भाडं ठरवण्याआधी विचारा. आणि परवाना माणसाला चिकटत नाही, जागेला चिकटतो. जागा बदलली की स्थलांतराची परवानगी वेगळी काढावी लागते. 'तात्पुरतं' हा शब्द त्यामुळेच मला थोडा फसवा वाटतो.

हो, कोकमाचं आगळ घातलेल्या बिअरबद्दलही विचारलंय एकाने. जर्मनीत गोझे नावाची आंबट बिअर असते, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आपलं आगळ मुळातच खारं. वेगळं मीठ घालू नका, एवढंच.

फरशीचा खर्च मी भाड्यातून वळता करून घ्यायला हवा होता, आणि तेही करारात, काम सुरू होण्याआधी. तुम्ही तेवढं करा. मी केलं नाही. गेल्या आठवड्यात मालककाका आले, चपला बाहेर काढून आत फिरले, नळ सोडून पाणी कुठे जातं ते वाकून बघितलं. म्हणाले, "झिला, जाताना ही लादी उकरू नको हां. हय हॉटेलाचा किचन येतला." मी म्हटलं, काका, मग शेवटच्या वर्षाचं भाडं जरा बघा की. "बघूया," म्हणाले, आणि नळ बंद करून गेले.