श्वासातून येणारा क्षय आणि प्रयोगातले प्राणी

नाशिकला फार्मसी शिकणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या महिन्यात फोनवर विचारले, "मामा, तिकडे प्राण्यांवरचे प्रयोग बंद झाले ना? मग तुम्ही अजून गिनीपिग कशाला ठेवता?" तिच्या कॉलेजात या विषयावर वादविवाद स्पर्धा होती. बाल्टिमोरमध्ये क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत बारा वर्षे काम करूनही तिला नीट उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

प्रयोग बंद झालेले नाहीत. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधाच्या प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली आणि २०२३ मध्ये भारतानेही नियमांत तशीच मुभा दिली. पण मुभा म्हणजे बंदी नव्हे. आपल्याकडे मात्र एक बाजू म्हणते की आता संगणक आणि चिपवर, म्हणजे अवयवाची नक्कल करणाऱ्या छोट्या उपकरणात, वाढवलेल्या पेशी पुरेशा आहेत, तर दुसरी म्हणते की माणसाच्या जिवापुढे उंदराची काय मातब्बरी. श्वासावाटे पसरणाऱ्या जंतूच्या बाबतीत मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

क्षयरोग हवेतून पसरतो याचा भक्कम पुरावा बाल्टिमोरमध्येच मिळाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस संशोधक रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील एका रुग्णालयात सहा खाटांच्या क्षय वॉर्डातली हवा वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली. नुसत्या त्या हवेने प्राण्यांना लागण झाली. पुढे प्राण्यांच्या एका गटाकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले तेव्हा त्या गटातल्या एकाही प्राण्याला ती झाली नाही. हीच पद्धत वापरून दक्षिण आफ्रिकेत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना एक दिवसाआड मास्क लावले गेले. मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० गिनीपिगांपैकी ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० पैकी ३६ जणांना. खोकणारा रुग्ण, खोलीतली हवा आणि ती ओढून घेणारे जिवंत फुप्फुस ही साखळी आज कोणत्याही चिपवर उभी करता येत नाही.

तरीही दुसऱ्या बाजूची बेफिकिरी मला सोसत नाही. गवताच्या पिशवीची सळसळ ऐकली की गिनीपिग शीळ घालतात, आणि डोक्यावरच्या हवाबंद टोपाच्या पंख्याच्या घरघरीतूनही ती ऐकू येते. आजार बळावलेला प्राणी शीळ घालत नाही. हे मला वजनकाट्याच्या आधी कळते. वजनातली घट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की त्याला भूल देऊन शांतपणे मरण द्यावे लागते, आणि ते काम मी दुसऱ्यावर ढकलत नाही. म्हणूनच ज्या प्रश्नाचे उत्तर तो प्राणी देऊच शकत नाही, त्यासाठी त्याचा जीव घेतला गेला की मला राग येतो.

नेहमीच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या फुप्फुसात माणसासारखी, मध्यभागी कुजून चिजासारखी झालेली गाठ सहसा होत नाही. गिनीपिगात आणि माकडात ती होते. औषधाला शिरायचे असते ते नेमके त्या गाठीत. मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकामुळे सहा महिन्यांचा उपचार चार महिन्यांवर येईल अशी आशा उंदरांनी दाखवली होती, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती माणसांच्या बाबतीत खरी ठरली नाही. (पुढे रिफापेंटीन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर चार महिन्यांचा उपचार यशस्वी झाला आणि त्यालाही उंदरांवरील कामाचा आधार होता, हे न सांगणे अन्यायाचे होईल.)

भाचीला मी शेवटी जंतूबद्दल लिहिले, कारण आपल्याकडच्या वादात त्याचा उल्लेखच नसतो. जगातल्या चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे, पण असंख्य प्रयोगशाळा, आमचीही, प्राण्यांना देतात तो एच३७आरव्ही हा क्षयजंतूचा वाण १९०५ मध्ये एका अमेरिकी रुग्णाकडून मिळालेला आहे. मद्रासच्या रुग्णांमधले पुष्कळसे जंतू गिनीपिगांत ब्रिटिश रुग्णांच्या जंतूंपेक्षा सौम्य ठरतात, हे ब्रिटिश क्षयसंशोधक डेनिस मिचिसन यांनी १९६० च्या सुमारासच दाखवले होते. दिल्ली-बंगळूरला असे प्रयोग करण्याजोग्या सुरक्षित प्रयोगशाळा आहेत. तेथे प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना समितीने प्राणी किती लागतील हे विचारावेच, पण हाच प्राणी का आणि जंतू कोणाच्या थुंकीतला, हेही विचारावे, असे मी तिला लिहिले. तिने स्पर्धेत यातले काय मांडले ते अजून कळवलेले नाही. शिवडीच्या क्षयरुग्णालयातल्या रुग्णांचे जंतू कोणत्या वंशाचे असतात, एवढे मात्र तिने उलट विचारले आहे.