आमच्या कुळागराची उगवती

भाचीने परवा फोनवर विचारलं, "मामा, बीकॉम करता करता पोर्तुगीजचा डिप्लोमा करू? झेपेल मला?" घरातले सगळे नको म्हणाले, मी एकट्याने हो म्हटलं. का, ते इथे लिहितो, कारण गोव्यात डिचोली, साखळी, पेडण्याकडच्या बऱ्याच मराठी घरांत हा विषय कधी ना कधी निघतोच.

घरातले म्हणतात, "19 डिसेंबर 1961 ला गेले पोर्तुगीज. आता त्यांची भाषा शिकून काय करायचं? पोर्तुगालचा पासपोर्ट काढायचाय?" माझे आजोबाही असंच म्हणायचे. त्यांनी ती राजवट भोगली होती, त्यामुळे त्यांचा राग मला कळतो. पण त्याच आजोबांच्या ट्रंकेत, धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले कुळागराचे, म्हणजे आमच्या नारळ-पोफळीच्या बागेचे, कागद पोर्तुगीजमध्ये होते आणि घरात एकालाही ते वाचता येत नव्हते.

वडिलांनी पैसे मोजून भाषांतर करून घेतलं. त्यात पूर्वेची हद्द पश्चिमेला गेली आणि पश्चिमेची पूर्वेला. त्या कागदावर विसंबून शेजाऱ्यांशी सात वर्षं वाद चालला. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "कागदातच तसं आहे."

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि संध्याकाळी पणजीला डिप्लोमाचे तास करत होतो. एके दिवशी बाईंनी 'नश्सेर' हे क्रियापद घेतलं. नश्सेर म्हणजे जन्मणे, उगवणे. त्यावरून नश्सेंत, म्हणजे पूर्व. मावळतीला पुएंत. अगदी आपल्यासारखंच, उगवती आणि मावळती! वही तशीच उघडी ठेवून मी बसून राहिलो. हेच दोन शब्द मी ट्रंकेतल्या कागदावर पाहिले होते. त्या रात्री घरी जाऊन बॅटरीच्या उजेडात कागद पुन्हा काढला. त्यात हद्दीचा वहाळ, म्हणजे ओढा, मावळतीला होता, जसा तो आजही आहे.

ही भाषा आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. पगार, चावी, लिलाव, घमेलं, बटाटा हे शब्द तिथूनच आले. नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे लक्षात ठेवायची सवय मराठी माणसाला आधीपासून असतेच. जड जातात ती नाकातून उच्चारायची अक्षरं आणि क्रियापदांची रूपं. ती रोज अर्धा तास घोकावीच लागतात, परीक्षेच्या आदल्या रात्री जमत नाहीत.

झेपण्याचं म्हणाल तर खरा प्रश्न वेळेचा. 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, पण तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत ही अट आहे. नियम चांगला आहे, पण वेळापत्रक लावताना त्या मुलांचा विचार कोण करतो? माझी तोंडी परीक्षा आणि कॉलेजची चाचणी एकाच सकाळी आली. कॉलेजच्या ऑफिसात मी तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा ऐकलं, "दोन्ही कशाला करतोस?" चाचणीचे गुण गेले. आजही आठवलं की वाईट वाटतं. म्हणून भाचीला सांगितलं, पहिल्याच वर्षी सुरू कर, तिसऱ्या वर्षासाठी ठेवू नकोस. आणि परतीची बस आधी बघ, मग प्रवेश घे.

गोव्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, शतकांचे पोर्तुगीज कागद आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातूनच मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. पिळगावचा माणूस हे करू शकला, कारण त्याला दोन्ही भाषा येत होत्या. आपल्या गावांचा, देवळांचा, जमिनींचा हिशेब तिथे पडून आहे आणि तो वाचणारी मराठी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला याची मनापासून काळजी वाटते.

भाची रविवारी येतेय. कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. छापील मजकूर मला वाचता येतो, पण शेवटच्या पानावर कुणीतरी घाईघाईत हाताने चार ओळी लिहिल्यात, त्या मला अजून लागलेल्या नाहीत. त्या तिच्यासाठी वेगळ्या काढल्यात.