खुलासा: जॉर्डनला शाळेने हाकलले नव्हते

'मायकेल जॉर्डनला शाळेने बास्केटबॉलमधून हाकलले' हा या नामवंत अमेरिकी बास्केटबॉलपटूबद्दलचा मजकूर जळगाव-भुसावळच्या खेळाडूंच्या पालकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 1978 मध्ये अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये, दहावीत, त्याला मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात घेतले, एवढेच. मुख्य संघाकडे गार्ड (चेंडू पुढे नेणारे, जॉर्डनच्याच जागेचे खेळाडू) होते, उणीव उंचीची होती. म्हणून जागा 6 फूट 7 इंचांच्या लीरॉय स्मिथला मिळाली. जॉर्डन तेव्हा जेमतेम 5 फूट 10 इंच. कनिष्ठ संघात त्याला बाकावर न बसता भरपूर खेळायला मिळाले, आणि गार्डचा हात सामन्यातच बसतो! धुळ्या-नंदुरबारच्या पोरांनाही 'ब' संघ मिळाला तर घरी बसवू नका. जॉर्डन पुढच्याच वर्षी मुख्य संघात आला. 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधले संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, शिकागो बुल्स या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले.