आधी मशीन पाहा, मग ११ टाका!

'कॉम्प्युटरमध्ये विंडोज ११ टाकून द्या!' सेतू केंद्रात रोजचं हेच. अरे बाप्पा, आधी मशीन तर पाहा! विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खरं आहे. पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर ११ ला चालतच नाहीत. पुढचा असेल तर विंडोज अन् आर कळ एकत्र दाबून tpm.msc टाका. ११ ला टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, २.० लागते; ते २.० दिसलं नाही तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी, म्हणजे इंटेलचं आतलंच टीपीएम, चालू करा. ४ जीबी रॅमवर चढतं, पण रखडतं. ८ जीबी अन् एसएसडी लावा.

अन् भर लोडशेडिंगच्या वेळी, यूपीएसशिवाय अपग्रेड काहून सुरू करता? मध्येच लाइन गेली तर विंडोज बिघडू शकतं, अन् बॅकअप तर कोणीच घेतलेला नसतो!