‘ही टीम नाही, मास्तरकी आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या बोंडअळीच्या गेमवरच्या लेखाखाली एका वाचकानं लिहिलंय, "लीडर म्हणवता आणि मुख्य सीनला कुणाला हात लावू देत नाही. ही टीम नाही, मास्तरकी आहे!!!" पुढे दोन हसरे चेहरे. शिवाय गेम बनवायला युनिटी हे सॉफ्टवेअर का नाही घेतलं, ज्युनियर पोरं काय शिकली, स्क्रीनशॉट पुसट आहेत वगैरे. स्क्रीनशॉट पुसट आहेत, हे मान्य. बदलतो.

आता मास्तरकीचं. भाऊ, पटलं नाही तर खुशाल सांगा, पण ते हसरे चेहरे काहून? दारव्ह्याकडच्या पोरांनी काही केलं की आधी हसायचं आणि मग जमलं तर वाचायचं, ही तऱ्हा आम्हाला नवी नाही. नीट विचारलं असतं तर दोन ओळींत सांगून मोकळा झालो असतो.

तुम्ही लेख पुरता वाचला असता तर कारण तिथंच सापडलं असतं. आम्ही गेम गोडो या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. त्यात गेमचा एकेक तुकडा म्हणजे सीन, आणि त्याची फाइल साध्या मजकुराची असते. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर एकाच सीनमधले नोड, म्हणजे त्याचे भाग, हलवून गिटवर (सगळ्यांचं काम एकत्र ठेवायचं सॉफ्टवेअर) चढवले, की दोघांचं काम जोडताना कॉन्फ्लिक्ट, म्हणजे टक्कर, होऊ शकते आणि ती निस्तरेपर्यंत सीन उघडत नाही. म्हणून शेताचा सीन वेगळा, सापळ्याचा वेगळा, पतंगाचा वेगळा. ज्याचा त्यानं सांभाळायचा. ते सगळे मुख्य सीनमध्ये बसवायचं काम एकाकडे, म्हणजे माझ्याकडे. गावच्या गणेश मंडळाची वर्गणी, मंडप, विसर्जन हे सगळं मी सांभाळलंय. तिथंही जनरेटरला एकच माणूस हात लावतो, त्याला कुणी हुकूमशहा म्हणत नाही.

आणि ‘सगळ्यांनी मिळून ठरवा’ म्हणणं सोपं आहे हो. आमच्याकडे शेतीच्या लाइनीची पाळी रात्रीची आली की कोडिंगवाली दोन्ही पोरं हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात. त्यात कुणाला ट्रॅक्टरची शर्यत हवी, कुणाला मल्टिप्लेअर, एकाला तर वाघ. कुणीतरी नाही म्हणायलाच हवं होतं, ते मी म्हटलं. उरलं ते एवढंच: रोज कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) बघायचे, सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हा मी घरच्या वावरात बोंडं फोडून बघत होतो. काय ठेवायचं आणि काय छाटायचं, हे मला कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

मास्तरकीच असती तर गेममध्ये डोमकळी, म्हणजे बोंडअळी लागलेलं फूल, आली नसती. आमच्या चित्रकार पोरीनं सकाळी कपाशीचं फूल तोडून आणलं, पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या आवळलेल्या, आतली अळी तशीच. ते टेबलावर ठेवून तिनं बघून बघून काढलं. मी सांगितलेलं नव्हतं.

युनिटीवर वाद घालत नाही. 2023 च्या सप्टेंबरात त्यांनी इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं आणि वर्षभरानं मागं घेतलं, तेवढं आठवून बघा. गोडो फुकट आहे, आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, विषय संपला. ज्युनियर पोरं काय शिकली ते त्यांनाच विचारा, मी त्यांचा प्रवक्ता नाही.

पावसाचा सीन अजून कुणी घेतलेला नाही. हात शिवशिवत असतील तर या. मुख्य सीन मात्र मिळणार नाही.