अलाइनमेंट गेलीय

शनिवारी बूट घ्यायला गेले. गुडघा दुखतोय, डॉक्टर म्हणाले पायात काहीतरी धड घाला, एवढंच कारण. बुटांच्या दुकानात बूट दाखवतात अशी माझी समजूत होती. हल्ली आधी गिऱ्हाईक बघतात.

दुकानातल्या मुलाने मला ट्रेडमिलवर चढवलं, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचायला लावली आणि टाचांचं शूटिंग घ्यायला मोबाइल मागे स्टँडवर लावला. म्हणाला, "मॅम, नॅचरली चाला."

नॅचरली! तेही अनोळखी माणसांकडे पोटऱ्या करून.

"वजन किती, मॅम?"

मी हळूच सांगितलं.

"बहात्तर?" मागून खणखणीत आवाज. बाकावर एक काका बसले होते. आले होते काकूंच्या बुटांसाठी, पण काकूंकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालोय, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

मुलगा म्हणाला, धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. काका अडीचकीच्या पाढ्यावर वाढलेल्या पिढीतले.

"मधलं अडीच धर. बहात्तर अडीचकी एकशे ऐंशी. एकशे ऐंशी किलो! एका पायावर!"

"अहो, हळू," काकू.

दुकानातल्या तिघांनी वळून पाहिलं. कोणत्या पायावर ते बघत असावेत.

एका पायावर हे मात्र खरं. चालताना प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर असतो, म्हणून अधूनमधून दोन्ही टेकलेले सापडतात. धावताना कधीच नाही. उलट मध्येच दोन्ही हवेत. चालणं म्हणजे उलटा लंबक: टेकलेल्या पायावरून अंग पुढे झुकतं, पडता पडता दुसरा पाय सावरतो. धावणं म्हणजे स्प्रिंग: टाचेमागची जाड शीर ताणली जाते आणि परत ढकलते. वेग ताशी सातच्या आसपास गेला की शरीर आपसूक चालणं सोडून धावायला लागतं म्हणे. मुलाने पट्टा सातवर नेला. माझ्या शरीराने तिसराच मार्ग काढला. दांडा धरून लोंबकळलं.

तोवर काकांनी माझी चप्पल उचलली होती. उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला, तळव्यावरून अंगठा फिरवला.

"हे बघा. टाचेला बाहेरच्या कडेने झिजलीय. आमच्याकडे टायर असा एकीकडून झिजला की गाडी थेट पिटवर. ताई, तुमची अलाइनमेंट गेलीय."

"ओव्हरप्रोनेशन," मुलगा खुशीत म्हणाला. "पाऊल आत कलतंय, मॅम. सपोर्टवाला घ्यावा लागेल. आठ हजार नऊशे."

एक म्हणतो बाहेर, दुसरा म्हणतो आत. मध्ये मी, सलवार वर.

घरी आल्यावर वाचलं. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनेच आधी टेकते आणि मग पाऊल थोडं आत कलतं. हादरा जिरवायला ते कलायलाच हवं. एका पावलात 26 हाडं काय शोभेला दिलीत? म्हणजे दोघांनी मिळून माझी जी खोट काढली, ती धडधाकट माणसाची चाल होती. आणि गुडघ्याचंच बोलायचं तर आमच्या रस्त्याचं शूटिंग कुणी का घेत नाही? एक डुगडुगणारा ब्लॉक, मग डीपी, मग फुटपाथवर चढवलेल्या दुचाक्या, मग दर गेटपाशी वीतभर उतार नि वीतभर चढ, मग फुटपाथच गायब. त्या पोराला म्हणावं, इथे नॅचरली चालून दाखव. मी रोज भाजी आणते या रस्त्याने, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या वेळी मी मुकाट्याने कार्ड काढलं. आठ हजार नऊशे, निव्वळ लाजेपोटी.

निघताना काका बूट घालून बघत होते. काकूंचे राहिले बाजूला, स्वतःचेच. त्यांच्या चपला बाकाखाली होत्या. मी वाकून एक उलटी केली. टाच बाहेरच्या कडेला पार घासून पातळ झालेली, माझ्या दुप्पट.

"काका, हे काय?"

त्यांनी मानही वर केली नाही.

"ती गाडी भंगारात निघालीय, ताई. तिची कोण अलाइनमेंट बघतं?"