‘बाकी सगळं नंतर बदलता येतं’ म्हणे!

सांगलीहून भाच्याचा मेसेज आला, “मामा, हे घेऊ का?” आणि खाली एक लांबलचक फॉरवर्ड. पोरगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकतोय आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन मिळायची मारामार आहे. पुढच्या दोन दिवसांत तोच फॉरवर्ड मला आणखी तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

‘नव्या लॅपटॉपवर ७०-८० हजार घालवू नका. ३५ हजारांत कंपनीतून आलेलं लीज रिटर्न वर्कस्टेशन घ्या, नव्यासारखंच असतं. झिऑन प्रोसेसर म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर. क्वाड्रो ग्राफिक्स. मिलिटरी ग्रेड बॉडी, दहा वर्षं हलत नाही. आत्ता साधं कॉन्फिगरेशन घ्या. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, १२८ जीबीपर्यंत रॅम, बाकी सगळं नंतर हळूहळू बदलता येतं.’

आधी कबुली देतो. हे मी एका जुन्या, २०१८ च्या लेनोवो थिंकपॅड पी-५२ या वर्कस्टेशनवरच, म्हणजे डिझाइनसारख्या जड कामांसाठी बनवलेल्या लॅपटॉपवरच लिहितोय. सेकंडहँडच घेतलेला आहे आणि आजही तो माझ्याकडचा सगळ्यात आवडता लॅपटॉप आहे. म्हणजे जुन्या वर्कस्टेशनशी माझं वाकडं नाही. माझं भांडण त्या फॉरवर्डमधल्या शेवटच्या वाक्याशी आहे, कारण पोरं त्याच वाक्यावर भुलतात आणि पैसेही तिथेच अडकतात. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

‘प्रोसेसर नंतर बदलता येतो.’ एकेकाळी यायचा. डेलचा प्रिसिजन एम-६८०० किंवा लेनोवोचा डब्ल्यू-५४१ यांसारख्या मशीनमध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असे. स्क्रू फिरवला की चिप हातात. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटवाले प्रोसेसर देणंच बंद केलं आणि तेव्हापासून चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर होऊन येते. त्यामुळे २०१८ च्या मशीनमधला आय-फाइव्ह ‘नंतर’ झिऑन करायचा म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदलायचा. त्या भावात दुसरा लॅपटॉप येतो.

‘ग्राफिक्स कार्ड बदलता येतं.’ हेही त्याच जुन्या जमान्यातलं अर्धसत्य. एम-६८०० मध्ये एमएक्सएम नावाचं प्रमाणित कार्ड बसायचं, ते काढून दुसरं घालणारे हौशी लोक होते आणि अजून आहेत. पण माझ्या पी-५२ मध्ये क्वाड्रो, म्हणजे एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स चिप, मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे. डेलच्या त्याच वर्षीच्या प्रिसिजन ७५३० मध्ये कार्ड सुटं आहे खरं, पण ते डेलच्या स्वतःच्या आकाराचं. बाजारातलं कुठलंही कार्ड आणून बसवता येत नाही. त्याच घरातलं कार्ड शोधा, त्याला जुळणारा हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) शोधा आणि अडॅप्टर तेवढा करंट देतो का ते बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणेलही. पण तो किंमत सांगेल तेव्हा खुर्चीत बसून ऐका.

म्हणजे गंमत अशी की, ज्यात सगळं बदलता येतं ते मशीन आज घेण्यासारखं राहिलेलं नाही आणि जे घेण्यासारखं आहे त्यात बदलण्यासारखं फार उरलेलं नाही. एम-६८०० मध्ये रॅम ३२ जीबीपर्यंतच आणि तीही जुनी डीडीआर-३. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर येत नाही. वजन साडेतीन किलोच्या पुढे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका पिढीचे गुण आणि दुसऱ्या पिढीचे फोटो एकत्र केलेत.

आता रॅम. इथे तो बरोबर आहे आणि तरीही चुकलाय. पी-५२ मध्ये चार स्लॉट आहेत, प्रत्येकी ३२ जीबीच्या चार पट्ट्या घातल्या की १२८ जीबी होते. पण चारपैकी दोन स्लॉट मागचं झाकण उघडल्यावर दिसतात आणि उरलेले दोन कीबोर्डच्या खाली असतात. प्रिसिजन ७५३० मध्येही असंच. मी पहिल्यांदा कीबोर्ड काढला तेव्हा घाम फुटला होता. कीबोर्ड वर येतो, पण खाली कागदासारख्या पातळ रिबन केबलने बांधलेला असतो. ती केबल धरून ठेवणारी कनेक्टरची झडप तांदळाच्या दाण्याएवढी. नखाने हलकेच उचलायची. जोर लावला की ‘टिक’ असा आवाज येतो आणि तो आवाज ऐकल्यावर पुढचे दोन दिवस वाईट जातात. शेजारच्या पोराचे गेले होते.

दुसरं म्हणजे भाव. ‘रॅम काय, स्वस्तात मिळते’ हे २०२५ च्या उत्तरार्धापर्यंत ठीक होतं. तेव्हापासून एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची इतकी ओढ लागली की सगळ्याच रॅमचे भाव चढले, आणि या मशीनमध्ये लागणाऱ्या डीडीआर-४ चं उत्पादन तर कंपन्या आधीच आवरत आणत होत्या. आज ८ जीबीचं मशीन स्वस्तात उचलून ‘पुढच्या महिन्यात ६४ करतो’ म्हणणाऱ्याने आधी पट्टीचा भाव विचारून यावा. भरलेल्या रॅमसकट मिळणारं मशीन जास्त महाग दिसतं, पण हिशेबात बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

आणि तिसऱ्या वर्षाच्या पोराला १२८ जीबी लागते कशाला? गिअरबॉक्सची असेंब्ली १६ मध्ये चालते, ३२ मध्ये ऐसपैस. मोठं सिम्युलेशन करणारे, एकाच वेळी चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवणारे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हे चार स्लॉट खरोखरच वरदान आहेत, कारण आजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली असते.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, मात्र खुशाल बदला. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त २०१८-१९ च्या मशीनला महागडी चौथ्या जनरेशनची (ही पीसीआयई या जोडणीची पिढी, प्रोसेसरची नव्हे) एसएसडी घेऊ नका. ती बसेल, चालेल, पण धावेल तिसऱ्या जनरेशनच्याच वेगाने.

‘झिऑन म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर.’ नावाला भुलणं म्हणतात ते हेच. पी-५२ मध्ये येणारा झिऑन ई-२१७६एम सहा कोरचा, २.७ गिगाहर्ट्झपासून ४.४ पर्यंत जाणारा. त्याच मशीनमध्ये मिळणारा आय-सेव्हन ८८५०एच सुद्धा सहा कोरचाच, २.६ पासून ४.३ पर्यंत. फरक शोधायला भिंग लागेल. झिऑनचा खरा फायदा एकच, ईसीसी रॅम, म्हणजे मेमरीतली बारीक चूक स्वतःच दुरुस्त करणारी रॅम चालते. पण सेकंडहँड बाजारात तुम्हाला झिऑन मिळतो त्यात पट्ट्या बहुधा साध्याच असतात. म्हणजे नावाचे पैसे द्यायचे आणि नावासाठीच द्यायचे.

शिवाय ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्सचं मॉडेलिंग, यांतलं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. तिथे आजचा साधा बाराव्या पिढीचा आय-फाइव्हसुद्धा २०१८ च्या झिऑनला सहज मागे टाकतो. हे ऐकून जुन्या वर्कस्टेशनवाल्यांना राग येतो. मलाही आला होता. मग मित्राच्या नव्या, प्लॅस्टिकच्या, हलक्याफुलक्या लॅपटॉपवर तीच फाइल रीबिल्ड करून पाहिली आणि गप्प बसलो.

‘क्वाड्रो ग्राफिक्स’ या शब्दाखाली काय काय खपतं ते तर विचारू नका. क्वाड्रो पी-२००० घ्या. डेस्कटॉपच्या पी-२००० मध्ये १०२४ कुडा कोर (हिशेब करणारी बारीक युनिटं) आणि ५ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या पी-२००० मध्ये ७६८ कोर आणि ४ जीबी. नाव तेच, माल वेगळा. पोरं यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डचे आकडे बघतात आणि लॅपटॉप घेऊन येतात. लॅपटॉपची पी-२००० म्हणजे ताकदीने साधारण जीटीएक्स १०५० टीआय या गेमिंग कार्डाच्या पंक्तीत बसणारी. क्वाड्रोचा खरा गुण ताकदीत नसून ड्रायव्हरमध्ये आहे. सॉलिडवर्क्सचं रिअलव्ह्यू, म्हणजे मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय, अधिकृतपणे तिच्यावर चालतं, गेमिंगच्या जीफोर्स कार्डांवर नाही. ते हवं असेल तर जरूर घ्या. पण एनव्हिडियाने कुडा १३ मधून, म्हणजे कार्डावर मशीन लर्निंगसारखी कामं चालवणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरमधून, मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या कार्डांच्या पिढ्या वगळल्या आहेत, आणि पी-२००० पास्कलच. मशीन लर्निंग शिकायचं म्हणून जुनी पी-मालिकेची क्वाड्रो घेणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं. त्यापुढची, २०१९ च्या पी-५३ किंवा प्रिसिजन ७५४० मधली क्वाड्रो आरटीएक्स ३००० ट्युरिंग पिढीची आहे, ती अजून यादीत आहे. एका वर्षाच्या फरकाने एवढं पडतं.

‘मिलिटरी ग्रेड.’ मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं प्रमाणपुस्तक आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते, आणि त्या होतात कोऱ्या नमुन्यांवर. सात वर्षं कुणाच्या तरी सॅकमधून फिरलेल्या तुमच्या तुकड्यावर नाही. बॉडी दणकट असते यात वाद नाही. पण आत सुकलेली थर्मल पेस्ट, धुळीने बुजलेला पंखा आणि दमलेली बॅटरी, यांतलं काहीच लष्कराला विचारून टिकत नाही.

बॅटरीचं वेगळं सांगतो. पी-५२ ची बॅटरी कोरी असताना ९० वॉट-अवरची. जुन्या मशीनमध्ये त्यातलं किती उरलंय हे दुकानातच कळतं: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टवाली कमांड द्यायची आणि डिझाइन कपॅसिटी व फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. नवी टाकू म्हणाल, तर बाजारात अस्सल कमी आणि डुप्लिकेट जास्त. सांगलीकडे दुपारची वीज गेली तर हे मशीन सॉलिडवर्क्स चालू असताना फार वेळ साथ देत नाही, आणि अडॅप्टर १७० किंवा २३० वॉटचा असल्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर आईचं लक्ष राहणारच. डेलच्या बाबतीत आणखी एक मेख. त्यांच्या अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनमधून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख विचारतो. डुप्लिकेट अडॅप्टरने ती दिली नाही की प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम वाढवतात, आणि दोष असतो वायरीत.

‘लीज रिटर्न म्हणजे नव्यासारखाच.’ हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून भाडेकराराची मुदत संपलेला माल येतो आणि त्यात चांगले नग असतात, हे खरं. पण कंपनीचं मशीन म्हणजे कंपनीची कुलपंही. माझ्या मावसभावाने एका दुकानातून घेतलेलं वर्कस्टेशन तीन महिने सुरळीत चाललं. मग त्याने विंडोज रीसेट केलं, वायफाय जोडलं आणि समोर कुठल्याशा परदेशी कंपनीचं नाव आलं: तुमचा ऑफिसचा ईमेल टाका. ते मशीन त्या कंपनीच्या ऑटोपायलटच्या, म्हणजे कंपनीची मशीनं ताब्यात ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या, नोंदीतून कुणी काढलंच नव्हतं. दुकानदाराची ‘टेस्टिंग वॉरंटी’ होती सात दिवसांची. बायॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड हे दुसरं कुलूप. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर एकच आहे, मदरबोर्ड बदला.

विंडोजबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही, म्हणून मी सांगतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून, म्हणजे पी-५२ मधल्या पिढीपासून, सुरू होते. त्यामुळे सातव्या पिढीचे पी-५१ आणि प्रिसिजन ७५२० सध्या बाजारात स्वस्तात दिसतात, ते उगाच नाही. ‘आय-सेव्हन ७८२०एचक्यू यादीत आहे की’ असं दुकानदार दाखवेल. आहे, पण ठरावीक ड्रायव्हरसह कारखान्यातून निघालेल्या मोजक्याच मशीनसाठी. लिनक्स चालवणाऱ्याला यातलं काही लागू नाही; त्याने खुशाल घ्यावा. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, त्यामुळे सॉलिडवर्क्सवाल्याला ती सोय नाही.

मग भाच्याला काय सांगितलं? आठव्या पिढीच्या खालचं बघू नकोस, जमलं तर नवव्या पिढीचं आणि ट्युरिंग कार्डाचं बघ. रॅम आणि ग्राफिक्स जेवढं लागणार आहे तेवढं आजच आत असलेलं घे. दुकानात बसूनच विंडोज रीसेट करून फोनच्या हॉटस्पॉटला जोड, आधी बायॉसमध्ये शिरून बघ, आणि एक पट्टी घेऊन चारही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावायला लाव.

पहिल्या दुकानात तिसऱ्या स्लॉटमध्ये पट्टी दिसेचना. दुकानदार म्हणाला, “तो स्लॉट कोण वापरतंय? ३२ पर्यंत दोनच पुरतात.” पोरगा तसाच उठून आला. पुढच्या आठवड्यात दुसरीकडून ३२ जीबी आणि आरटीएक्स ३००० वालं मशीन घेतलं. ३५ हजारांत अर्थातच नाही. काल फोन आला होता: “मामा, मशीन मस्त आहे, पण ह्याचा अडॅप्टर सॅकमध्ये मावत नाही.”